बोटभर बाहेर राहिलेला टॉर्क कन्व्हर्टर

मी एक जुना टॉर्क कन्व्हर्टर आहे. बेंगळुरूच्या येलहंका भागातील एका घराच्या व्हरांड्यात मी पडून असतो. माझ्या अंगावर कोरफडीची कुंडी ठेवलेली आहे. आपली हकिकत कुठून सुरू करावी हे मला नीट कळत नाही, कारण आजवर कोणी ती मला विचारलेली नाही. तेव्हा मित्रांनो, ज्या पत्राला उत्तर गेले नाही, त्या पत्रापासूनच सुरुवात करतो.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी पोस्टमनने ते आणून दिले. या घराचे मालक विद्याधर यांना पुटपुटत वाचायची सवय आहे. त्यामुळे ते जे वाचतात ते मलाही ऐकू येते. पत्र लहान होते.

“साहेबांना नमस्कार. म्हैसूरला एका वर्कशॉपमध्ये मला गिअरबॉक्सचे काम मिळते आहे. पण तिथल्या मालकांनी आपल्या जयसिंगराव सरांना फोन केला, तेव्हा सर नुसते हसले म्हणे. साहेब, त्या आयुधपूजेच्या दिवशी काय झाले ते तुम्ही सरांना दोन ओळींत लिहा. एक प्रत मला पाठवा. महिनाभर ते माझी जागा राखून ठेवतील. आपला गुंडू. लिहिणार, मुलगी श्यामला.”

विद्याधरांनी पत्राची घडी घातली आणि एका जाड पुस्तकात ठेवून दिली. महिना गेला. त्यानंतर आणखी कितीतरी महिने गेले.

त्या दिवशी काय झाले ते तीन जणांना ठाऊक आहे. विद्याधरांना, गुंडूला आणि मला. मला तर सर्वांत जास्त, कारण जे मोडले ते माझ्यामुळे मोडले. पण ते कळायला आधी मी कोण आहे ते सांगावे लागेल.

दोन पोलादी वाडगे तोंडाला तोंड लावून कायमचे जोडले की माझा आकार होतो. चपट्या भोपळ्यासारखा. पोटात पंख्यासारखी पाती आणि तेल. इंजिन मला फिरवते, मी तेल घुसळतो, आणि त्या घुसळण्याचा जोर गिअरबॉक्सपर्यंत पोचतो. ज्या गाडीला क्लच नसतो तिथे हे काम माझे. मागच्या बाजूला मला एक आखूड मान आहे आणि मानेच्या टोकाला दोन खाचा आहेत. त्या खाचा गिअरबॉक्सच्या तेलपंपात अडकल्या तरच पंप फिरतो. पंप फिरला नाही तर इंजिन कितीही गरजले तरी गाडी जागची हलत नाही.

मला बसवताना घाई चालत नाही. मला दोन्ही हातांनी धरून हळूहळू फिरवत आत ढकलावे लागते. आत एकामागोमाग एक तीन ठिकाणी जुळायचे असते. पहिले जुळले की ठक असा आवाज येतो आणि मी थोडा आत जातो. दुसरे जुळले की पुन्हा ठक. शेवटी खाचा पंपात शिरतात तेव्हा तिसरा. दोन आवाजांनंतर मी बसलो असेच कोणालाही वाटते. पण मी बसलेला नसतो, बोटभर बाहेर असतो. ते बोटभर अंतर नुसत्या डोळ्यांना कळत नाही. पोलादी पट्टी आडवी धरून मोजावे लागते.

मी नऊ वर्षे एका मोठ्या पांढऱ्या गाडीत होतो. होसूर रोडवरच्या गर्दीत दिवसाला हजार वेळा थांबायचे आणि हजार वेळा निघायचे. एकदाही धक्का बसू दिला नाही. “गाडी काय मऊ चालते!” असे पाहुणे म्हणत, आणि मालक अभिमानाने सीटच्या कातड्यावर हात फिरवत. मी आहे हे त्यांना माहीतही नव्हते. पुढे गिअरबॉक्समधल्या चकत्या जळाल्या आणि आम्हा सर्वांना बोम्मसंद्र्याच्या एका वर्कशॉपमध्ये आणले गेले.

वर्कशॉप जयसिंगरावांचे. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेले. मनाने उदार माणूस. कामगारांच्या घरी लग्न असले की पहिला आहेर त्यांचा. पण चारचौघांत एखाद्याची फजिती करायची संधी मिळाली, तर ती त्यांनी कधी सोडली नाही. गुंडू त्यांच्याकडे बावीस वर्षे फिटर होता. तोही इथलाच, कानडी मिसळलेले मराठी बोलणारा, डावखुरा. मालकांना तो अण्णा म्हणत असे. कन्व्हर्टर बसवताना तो डोळे मिटून मोजायचा, “ओंदु... एरडु...” आणि तिसऱ्या आवाजाला डोळे उघडून “मूरु!” म्हणायचा.

आणि विद्याधर. एका सरकारी कारखान्यात चौतीस वर्षे तपासनीस होते. निवृत्तीनंतर जयसिंगरावांनी त्यांना बोलावून घेतले. त्यांच्याकडे एक नोंदवही, एक ब्रश आणि पिवळ्या रंगाची डबी असे. काम तपासून झाले की ते गिअरबॉक्सच्या कडेला पिवळी खूण करत. खूण झालेली वस्तू पुन्हा कोणी उघडायची नाही, हा नियम त्यांनीच घातलेला. ते फार भिडस्त होते, आणि तितकेच शंकेखोर. खूण करण्याआधी एकच माप चार वेळा घेत, दूर जाऊन परत येत आणि पाचव्यांदा घेत. “साहेब घरी नळसुद्धा चार वेळा बंद करतात,” असे लोक म्हणायचे. गुंडू मात्र हसत नसे. जेवणाच्या सुट्टीत विद्याधर कोपऱ्यात पुस्तक उघडून बसले की तो डबा घेऊन शेजारी येई. “आज काय वाचताय साहेब? गोष्ट सांगा की, स्वल्प.” मग विद्याधर अडखळत गोष्ट सांगत. त्या वर्कशॉपमध्ये त्यांचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणारा तो एकच होता.

सात वर्षांपूर्वीची आयुधपूजा, म्हणजे खंडेनवमी. गाडीचे मालक कुटुंबासह गाडी न्यायला येणार होते. गुंडूने सकाळी लवकर येऊन मला गिअरबॉक्समध्ये बसवले. तीन आवाज झाले. त्याने पट्टी धरून माप घेतले, ते बरोबर आले. मी पुढे सरकू नये म्हणून त्याने तोंडावरून आडवी तार घालून पीळ दिला. मग पट्टी पुसली आणि इतर हत्यारांबरोबर पूजेत ठेवली. पाने, हातोडे, मोजपट्ट्या, सगळी चामुंडीच्या तसबिरीपुढे ओळीने मांडलेली होती. हळदीकुंकू लागले की आरती होईपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही, ही तिथली रीत. गुंडू हात धुऊन कोहळा आणायला बाजारात गेला.

मागे विद्याधर आणि मी, दोघेच उरलो. त्यांनी नोंदवही उघडली. माझ्या नंबराचा रकाना रिकामा होता. नंबर माझ्या कडेवर कोरलेला आहे, आणि मी पुरता बसलो की ती कड गिअरबॉक्सच्या तोंडात जाते. दुसरा एखादा असता तर त्याने रकाना रिकामा सोडला असता. विद्याधरांना तो सोसला नाही. त्यांनी तार सोडली, मला दोन्ही हातांनी धरून थोडे बाहेर ओढले, नंबर दोनदा मोठ्याने वाचला आणि सुंदर अक्षरात लिहिला. मग मला आत ढकलले. फिरवले नाही, नुसतेच ढकलले.

तिसरा आवाज झाला नाही.

त्यांना शंका आली होती, मित्रांनो. मी हे खात्रीने सांगतो. ते पट्टीसाठी वळले. पट्टी पूजेत होती, तिच्यावर कुंकू होते. ते दोन पावले गेले आणि थांबले. तेवढ्यात बाहेरून जयसिंगरावांनी हाक मारली, “ओ साहेब, पाहुणे आले! देवीसमोर तरी नोंदवही मिटा!” बाहेर हशा झाला. विद्याधरांनी घाईने तार पुन्हा बांधली आणि पिवळी खूण केली. जो माणूस चार वेळा मोजत असे, त्याने त्या दिवशी एकदाही मोजले नाही.

आरती झाल्यावर गुंडू आला. तार सोडताना तो क्षणभर थबकला. तो डावखुरा असल्यामुळे त्याचा पीळ उलटा असतो. हा पीळ सुलटा होता. पण शेजारी पिवळी खूण होती, तिचा रंग अजून ओला होता. त्याने गिअरबॉक्स इंजिनाजवळ सरकवला. चार बोल्ट हाताने लावले. तोंडाला तोंड मिळेना. सगळीकडून सारखी, बोटभर फट राहिली.

“साहेब, स्वल्प अडतंय,” तो म्हणाला. “काढून बघू का?”

“काढून?” जयसिंगराव पुढे आले. “पाहुणे उन्हात उभे आहेत, अन् हा म्हणतो काढून बघू! बोल्ट कशाला दिलेत तुला? आवळ. येईल ओढत.”

“ओढून आणायचं नसतं ते, अण्णा. आपणहून यायला पाहिजे.”

“तू काय सासरी निघालेल्या पोरीची समजूत घालतोयस काय रे?”

सगळे हसले. गुंडूने विद्याधरांकडे पाहिले. “साहेब, तुम्ही बघितलं ना?”

विद्याधरांचा हात खिशातल्या पेन्सिलीवर गेला. त्यांनी गुंडूकडे पाहिले नाही. “खूण झालेली आहे,” ते म्हणाले.

“मग सरी, ठीक आहे,” गुंडू म्हणाला आणि त्याने पाना उचलला.

एकेक बोल्ट आवळला जाऊ लागला. माझ्या मानेचे टोक पंपाच्या कडेवर टेकलेले होते. जायला वाट नव्हती आणि पुढून इंजिन दाबत होते. फट मिटली. बाहेरून पाहिले तर काम अगदी सुबक दिसत होते. मग पूजेसाठी गाडी अंगणात ढकलत आणली. चार चाकांखाली चार लिंबे ठेवली. कोहळा फुटला. मालकांनी इंजिन सुरू केले, मी पहिला फेरा घेतला आणि पंपाचे तुकडे झाले.

मालकांनी गिअर टाकला, पाय दाबला. इंजिन ओरडले. लिंबे जशीच्या तशी होती. त्यांनी पुन्हा दाबले. कोणीतरी म्हणाले, “आजवर लिंबू चिरडायचं, आज लिंबानंच गाडी धरली!” पाहुण्यांमधल्या बायका पदराआड हसू लागल्या. जयसिंगराव त्यांच्याबरोबर हसले आणि आत वळले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हते.

दुसऱ्या दिवशी मला बाहेर काढून मधल्या लोखंडी टेबलावर ठेवले. शेजारी पंपाचे तुकडे. सर्वांना गोल उभे केले.

“गुंडू, किती आवाज ऐकलेस?”

“तीन, अण्णा. पट्टीनं मोजलं पण.”

“तीन!” जयसिंगरावांनी पाना उचलून टेबलावर तीनदा आपटला. “हे असे? आले का सगळ्यांना ऐकू? याला तर रोजच येतात!” मग ते जवळ आले. “आणि एक. आजपासून अण्णा नाही म्हणायचं. सर.”

गुंडूने विद्याधरांकडे पाहिले. तो पिळाविषयी बोलला नाही. साहेब आता बोलतील, स्वतःच बोलतील, अशी त्याची खात्री होती. ते त्याच्या तोंडावर लख्ख दिसत होते. विद्याधर मनात वाक्य जुळवत होते. वाक्य जुळेपर्यंत सगळे पांगले. त्या दुपारी त्यांनी नोंदवहीत माझ्या नंबरासमोर, दोन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात लिहिले, “तपासणीनंतर फिटरने हलविले असावे.”

त्यानंतरचे सांगायला मला लाज वाटते. गुंडूला फिटिंगवरून काढून सुटे भाग डिझेलमध्ये धुवायला बसवले. तो समोरून गेला की कोणीतरी पत्र्यावर तीनदा ठोके मारी, ठक, ठक, ठक. मग दुसरा मारी. चहाच्या कपांवर, पाण्याच्या टाकीवर, गाड्यांच्या टपांवर. त्याचे नाव मागे पडले. लोक त्याला मूरु म्हणू लागले. तो डबा उघडून बसला की डब्याच्या झाकणावर ठोके. सुरुवातीला तोही हसून बघायचा. पुढे तो उभ्यानेच जेवू लागला, भिंतीकडे तोंड करून.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे विद्याधरांच्या टेबलाभोवती जमले होते. त्यांना कोणी प्रथमच आपल्यात घेतले होते. गुंडू ट्रे घेऊन बाजूने चालला. ठोके सुरू झाले. टेबलाभोवतीचे सगळे विद्याधरांकडे बघू लागले. आणि विद्याधरांनी पेन्सिल उलटी धरून टेबलावर तीनदा वाजवली. अगदी हलकेच. टाळ्या पडल्या. कोणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

गुंडू थांबला नाही. त्या आठवड्याच्या शेवटी तो काम सोडून गेला.

जयसिंगरावांनी माझ्या पोटावर पांढऱ्या रंगाने ‘गुंडू’ असे लिहून मला फाटकाजवळच्या स्टुलावर मांडले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते माझी गोष्ट सांगत, आणि गोष्ट सांगून झाली की तीनदा वाजवत. वर्षभराने विद्याधरांनीही नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला मागून घेतले. “आठवण म्हणून? न्या, न्या,” जयसिंगराव म्हणाले. घरी आणून त्यांनी मला व्हरांड्यात ठेवले आणि नाव दिसू नये अशा बेताने भिंतीकडे फिरवले. त्यांच्या पत्नीने, नयनाबाईंनी, मला लोखंडी भोपळा असे नाव दिले आणि माझ्यावर कुंडी ठेवली.

मग ते पत्र आले. विद्याधर उत्तर लिहायला बसत नसत असे नाही. दर काही दिवसांनी बसत. एक कागद लिहीत, वाचत, एक शब्द खोडत, दुसरा घालत, आणि तो कागद पुस्तकात ठेवून नवा घेत. चार वर्षे असे चालले होते. बाहेरून पाहणाऱ्याला ते फार प्रामाणिक कष्ट वाटले असते.

मागच्या महिन्यात ते इलेक्ट्रॉनिक सिटीला गेले होते. त्यांचा मुलगा मकरंद तिथे एका नव्या इमारतीत राहायला गेला आहे. संध्याकाळी परतले ते चपला न काढताच खुर्चीत बसले. नयनाबाई अवरेकाळूच्या शेंगा सोलत होत्या.

“फाटकावर गुंडू होता,” विद्याधर म्हणाले. “वॉचमन आहे तिथे.”

“कोण, पत्रवाला?”

“त्यानं माझ्यापुढे वही धरली. नाव लिहा साहेब, फ्लॅट नंबर लिहा. मी लिहीत होतो. मग विचारलं, साहेब, माझं पत्र मिळालं होतं का?”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“मिळालं होतं, म्हटलं.”

“मग?”

विद्याधरांनी चष्मा काढला. “म्हणाला, बरं झालं सांगितलंत. चार वर्षं मी उगाच पोस्टाला शिव्या घालत होतो.”

नयनाबाईंचे हात थांबले.

“आणि मग त्यानं फाटक उघडलं आणि सलाम केला.”

“सलाम कशाला?”

“सगळ्यांनाच करावा लागतो त्याला.”

मग नयनाबाई उठल्या, कपाटातून ते जाड पुस्तक घेऊन आल्या आणि त्यातले कागद एकेक करून त्यांच्या मांडीवर टाकू लागल्या.

“तुम्हाला काय वाटलं, मी पाहिले नाहीत? सतरा कागद आहेत. ‘असे घडले असावे.’ ‘नजरचूक झाल्याचे दिसते.’ कोणाची नजर हो? सतरा कागदांत ‘मी’ म्हणून एकदाही नाही.”

“योग्य शब्द सापडत नव्हते, नयना. त्याच्यावरही अन्याय नको, आणि—”

“आणि तुमच्यावरही नको. त्याचं म्हैसूर गेलं तुमच्या योग्य शब्दांपायी. आता तो सलाम करतोय, तुम्ही शब्द शोधा.”

त्या आत निघून गेल्या. त्या रात्री त्यांनी विद्याधरांना जेवायला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्याधर व्हरांड्यात कागद घेऊन बसले. पाऊण तासात लिहून झाले. नेहमीप्रमाणे त्यांनी पुटपुटत वाचले. “तार मी सोडली. नंबर बघण्यासाठी कन्व्हर्टर मी बाहेर ओढला. परत ढकलल्यावर मोजला नाही. खूण मी केली. गुंडूने थांबून मला विचारले होते, तेव्हा मी खोटे बोललो. नोंदवहीतली ओळ मी नंतर लिहिली, ती खोटी आहे. त्याची काहीही चूक नव्हती. विद्याधर.” अशा दोन प्रती केल्या. एक जयसिंगरावांना, एक गुंडूला. गुंडूच्या प्रतीत शेवटी एक वाक्य जास्त होते. “पेन्सिल मी वाजवली, ती कोणाच्या भीतीने नाही, त्या वेळी मला बरे वाटले म्हणून.”

मी त्यांना शाबासकी देणार नाही. गुंडू आता त्रेसष्ट वर्षांचा आहे. हातात पाना घ्यायचे त्याचे दिवस या कागदाने परत येणार नाहीत. जयसिंगराव हा कागद वाचून पुन्हा हसतीलही. तरी ज्या लोकांसमोर त्याचे नाव माझ्या पोटावर रंगवले गेले, त्यांच्यापर्यंत हे कधीतरी पोचावे, एवढेच आता मागायचे उरले आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन माझ्यासारख्या यंत्रांना हात लावाल. माझी एकच विनंती आहे. जोडणी आपणहून मिळत नसेल तर बोल्ट आवळून ती मिळवू नका. पाहुणे उन्हात असू द्या, मालक ओरडू द्या, पूजेतली पट्टी उचलावी लागली तर उचला, देवी रागावणार नाही. उघडा, फिरवून पाहा, मोजा. आणि चूक तुमच्या हातून झालेली असेल तर त्याच दिवशी, सगळे गोल उभे असतानाच सांगा. वाक्य वेडेवाकडे असले तरी चालेल. पंप नवा मिळतो. त्या गाडीला तिसऱ्याच दिवशी मिळाला होता.

आमच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे टपालपेटी आहे. विद्याधर पाकिटे घेऊन गेले आणि लगेच परत आले. नयनाबाई पायरीवर उभ्या होत्या.

“टाकलं?”

“टाकलं.”

“दोन्ही?”

विद्याधरांनी रस्त्याकडे वळून पाहिले. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक पाकीट काढले. जयसिंगरावांचे.

“पिनकोड बरोबर आहे की नाही, ते एकदा बघून उद्या—”

नयनाबाईंनी त्यांच्याकडे नुसते पाहिले आणि फाटक पुन्हा उघडले. त्या ते धरून उभ्या राहिल्या. विद्याधर परत रस्ता ओलांडून गेले. पाकीट धरलेला हात त्यांनी पेटीच्या तोंडात मनगटापर्यंत घातला आणि तसेच उभे राहिले. एक रिक्षा गेली. मागून भाजीची गाडी गेली. मग त्यांनी हात बाहेर काढला, तेव्हा तो रिकामा होता.